दारापुढची लाल कड

रंगांवर प्रेम करणारी माणसं जगात पुष्कळ असतील. रंगांचं ऐकणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. साडू हे नातंच मुळात मजेशीर. दोन अनोळखी पुरुष एकाच घरच्या दोन मुलींशी लग्न करतात आणि उरलेला जन्म सासऱ्यांच्या ओट्यावर बसून एकमेकांकडे सहानुभूतीनं बघत राहतात. आमच्या साडूभाऊंच्या वाट्याला मात्र सहानुभूती कमी आणि चेष्टा जास्त आली. सासुरवाडीच्या कुठल्याही लग्नात जेवणाची पंगत बसली की कुणीतरी विचारायचंच, "मास्तर, या सतरंजीचा रंग काय म्हणतो? बसू का उठू?" साडूभाऊ सतरंजीकडे खरोखर बघायचे आणि म्हणायचे, "हिचं काही म्हणणं दिसत नाही. बसा." आता ती चेष्टा कुणी करत नाही. मी धुळ्याहून जळगावला जातो, त्यांच्या गल्लीत गाडी वळवतो, आणि माझी नजर आधी जाते ती फुटपाथच्या कडेवर.

साडूभाऊ जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. रंग शोभेसाठी नसतो, तो काहीतरी सांगत असतो, ही त्यांची पक्की समजूत. "केळं पिवळं होतं ते उगाच? ते सांगतं, आता खा," असं ते वर्गात म्हणत, आणि मुलं मधल्या सुट्टीत केळीच काय, पिवळे खडूही चाखून बघत. बोलणं अगदी छापील. फाटकात गाय आडवी बसली असली तर तिलाही "आपण जरा सरकता का?" म्हणणारा माणूस. उलट अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, शिरपूरकडची. तिच्या तोंडी अखंड अहिराणी. एवढा संसार झाला, पण दोघांनी एकमेकांची बोली काही उचलली नाही, आणि त्यावाचून दोघांचं काही अडलंही नाही.

बाजाराच्या रस्त्यावर एक पाटी होती. सम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, विषम तारखेला दुसऱ्या. ती पाटी मन लावून वाचलेला माणूस मी हाच पाहिला. त्यांची स्कूटर तारखेप्रमाणे बाजू बदलायची. अक्काला रस्ता ओलांडायचा कंटाळा, म्हणून स्कूटर ज्या बाजूला त्याच बाजूची भाजी घरात यायची. सम तारखेला मेथी नाहीतर पालक, विषम तारखेला वांगी. महिना एकतीसचा असला की एकतीस आणि एक अशा दोन विषम तारखा लागोपाठ येतात, आणि साडूभाऊंच्या घरी दोन दिवस वांगी शिजतात, हे गणित मी फार लवकर हेरलं होतं. हिवाळ्यातल्या अशा महिनाअखेरीला मला जळगावात हटकून काम निघायचं. अक्का वांगी भाजायची, लाकडी दांड्यानं मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात, आणि ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. "पाव्हना तारीख देखीसनच येतस," असं ती हसत म्हणायची आणि आणखी एक भाकरी टाकायची.

मग मुलीच्या बाळंतपणासाठी दोघं अमेरिकेला जाऊन आली. लोक तिकडून आल्यावर धबधब्यांचं सांगतात, उंच इमारतींचं सांगतात. साडूभाऊंनी फुटपाथ सांगितला. मोबाइलवरचे फोटो दाखवायला बसले तर सगळे फुटपाथच्या कडेचे. नुकती जन्मलेली नात कुठेतरी कोपऱ्यात, तीही अर्धी. "ही लाल कड. इथं थांबायचं नाही. ही पिवळी, माल उतरवण्यापुरती. ही पांढरी, माणसं उतरवण्यापुरती. हिरवी असेल तर थोडा वेळ लावा आणि निघा. पाटी नाही, शिपाई नाही, भाऊ. नुसता रंग सांगतो आणि माणसं ऐकतात!" हे सांगताना त्यांचे डोळे असे भरून आले की आम्हाला हसताही येईना. मुलीला कळा सुरू झाल्या तेव्हा जावयानं घाबरून दवाखान्याच्या दारातच गाडी थांबवली, तर मागून साडूभाऊ ओरडले, "लाल आहे! पांढरी पुढे आहे!" मुलगी अजून सांगते, कळा विसरले, बाबांची ती आरोळी विसरले नाही. अक्का हे सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी आम्हाला म्हणायची, "लोके अमेरिकातून चाकलेट लई येतस, ह्या फुटपाथ लई उनात." म्हणजे लोक तिकडून चॉकलेट घेऊन येतात, हे फुटपाथ घेऊन आले.

त्या फोटोंत एक निळ्या कडेचा होता. तो आला की साडूभाऊ जरा थांबायचे. एका मोठ्या दुकानापुढे गाड्यांची ही गर्दी, लोक जागेसाठी घिरट्या घालताहेत, आणि अगदी दाराशी निळ्या कडेची एक जागा रिकामी. "ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी ती. मी बराच वेळ उभा राहिलो. कुणी गाडी घातली नाही. मग एक म्हातारा आला. बायकोला खुर्चीवर बसवून आत घेऊन गेला. ती जागा, भाऊ, कुणीतरी येईल म्हणून रिकामी होती." तेव्हा अक्का पाटावर बसून शेंगा फोडत होती, धडधाकट. आम्ही कुणी त्या फोटोकडे फारसं लक्ष दिलं नाही.

पुढे ते आमच्याकडे धुळ्याला आले तेव्हा त्यांना बाजारात घेऊन जाण्याची सोय उरली नाही. एका चौकात कडेचे दगड काळे-पिवळे आणि थोडं पुढे काळे-पांढरे. साडूभाऊ गाडीतून उतरले आणि वाहतुकीच्या पोलिसाकडे गेले. "इथं काळा-पिवळा आहे, तिथं काळा-पांढरा. थांबायचं कुठे?" तो बिचारा तरणा पोर. त्यानं दगडांकडे पाहिलं, साडूभाऊंकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही मले काय विचारून राहिले? रात्री रस्ता दिसावा म्हणून असतो तो." साडूभाऊ गाडीत येऊन बसले. "बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले, "पण निम्मंच सांगितलं."

त्यानंतरच्या वर्षी अक्काला लकवा झाला.

उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, हसणं राहिलं, पण हात-पाय परके झाले. डॉक्टरांनी सांगितलं, रोजच्या रोज व्यायामाच्या दवाखान्यात आणा, पाय परत येईल. खंड पडला की पाय गेला म्हणून समजा. साडूभाऊंनी ओळखीचे रिक्षावाले युसुफभाई ठरवून टाकले. युसुफभाई वेळेवर यायचे, पण रिक्षा दारापर्यंत यायची नाही. समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर क्लास निघाला होता आणि मुलांच्या मोटरसायकली साडूभाऊंच्या दारापुढे अशा लागायच्या की मांजरालाही अंग चोरून जावं लागे. मग रिक्षा गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीजवळ. तिथपर्यंत अक्काला एका बाजूनं साडूभाऊ, दुसऱ्या बाजूनं युसुफभाई असं धरून न्यायचं. वैशाखात जळगावचं ऊन म्हणजे काय ते तिथं राहणाऱ्यालाच ठाऊक. एके दिवशी अक्का वाटेतच बसली, आणि बसता बसता आडवी झाली. गुडघे फुटले. मुलं धावली, पाणी दिलं, "आजी, लागलं का?" म्हणाली. चांगली मुलं होती. गाड्या मात्र त्यांच्याच होत्या. घरी आल्यावर अक्का भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आते मी कोठेच नही जास." आणि खरंच, पुढचे काही आठवडे ती दवाखान्यात गेली नाही. युसुफभाई मात्र अधूनमधून विचारायला येत.

ज्या माणसाला गाईला हाकलता येत नाही त्याला पोरांशी भांडण कसलं जमणार? साडूभाऊंनी रंगाचा डबा आणला. सार्वजनिक दगडाला हात कसा लावायचा म्हणून महापालिकेत रीतसर विचारून आले. कुणीतरी "मारा की काका, स्वच्छच दिसेल" म्हटलं, तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं. दारापुढची कड निळी केली. मुलांना गोळा करून निळ्याचा अर्थ सांगितला. मुलांनी "हो सर" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या मोटरसायकली निळ्याला पुढचं चाक लावून एका रेषेत उभ्या. त्यांतला एक तर मुद्दाम सांगायला आला, "सर, लाईन भारी मारली. आता गाड्या वाकड्या लागत नाहीत." मग पांढरा झाला. पांढरा बघून लोक म्हणाले, मास्तर, काळा मारायचा राहिला का? अर्धवट काम बरं दिसत नाही. हिरवाही मारून पाहिला, निदान थोड्या वेळानं तरी हलतील या आशेनं. तर केळीचा एक टेम्पो येऊन दुपारभर ठाण मांडून बसला. चालकाचं म्हणणं, "हिरवं म्हंजे परवानगीच ना काका?" सिग्नल पाहिलेल्या माणसाचा तर्क, त्यात चूक काढायची तरी कशी? साडूभाऊ संध्याकाळी ओट्यावर बसून राहायचे. खिडकीतून अक्का त्यांच्याकडे बघायची. मी गेलो होतो तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, रंग तोच आहे. ऐकणारं कुणी नाही." त्यांचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता, आणि मला फार वाईट वाटलं.

शेवटचा उपाय लाल. पण दुकानात लाल संपला होता. दुकानदारानं शेंदरी दिला, "मास्तर, वाळल्यावर लालच दिसतो," म्हणाला. साडूभाऊंनी दोन हात मारले. आता त्या कडेतला एक दगड, नेमका दारासमोरचा, बाकीच्यांपेक्षा वर आलेला आणि पोटाशी जरा फुगलेला होता. आपल्याकडे असल्या दगडाला शेंदरी रंग लागला की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यावर हळदकुंकू होतं. चौथ्या दिवशी जास्वंदीचं फूल. आठवडा सरायच्या आत नारळ फुटला. क्लासच्या मुलांनी मोटरसायकली गुपचूप गिरणीपाशी नेल्या, आणि चाचणी परीक्षेच्या दिवशी दगडापुढे चपला काढून ओळीनं उभी राहिली. कुणाला तरी चांगले गुण पडले असावेत, कारण त्यानंतर शेजारच्या गल्लीतली मुलंही येऊ लागली.

साडूभाऊ हादरले. शेंदूर फासला म्हणून दगडाचा देव होत नाही, हे त्यांनी शाळेत पिढ्यान्‌पिढ्यांना सांगितलेलं. हळदकुंकवाची सुरुवात केली होती असोद्याहून लेकाकडे राहायला आलेल्या एका आजीनं. साडूभाऊ तिला गाठायला गेले. "आजी, तो देव नाही. ती सूचना आहे. इथं वाहन उभं करू नये, एवढाच त्याचा अर्थ." आजीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे भो. नाव काही बी असो, पावतो ना?" घरी येऊन साडूभाऊंनी टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेतलं आणि रंग पुसायला दगडापुढे उकिडवे बसले. तेवढ्यात युसुफभाईंची रिक्षा गल्लीत शिरली. गिरणीपाशी थांबायच्या सवयीनं हळू झाली, मग रस्ता मोकळा बघून पुढे आली, आणि थेट फाटकापाशी येऊन उभी राहिली. युसुफभाई दगडाला चाक लागू नये म्हणून जरा अलीकडेच थांबले आणि म्हणाले, "मास्तरसाब, आज तो सीधा दरवाजे तक आ गया. भाभीजान को बोलो, बस पाव रखने का है."

खिडकीतून अक्का बघत होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हो. देव म्हनतस ते म्हनू द्या. तुमनं काय जास?"

पुढचं मला युसुफभाईंनीच नंतर सांगितलं. साडूभाऊंनी बाटलीचं बूच लावलं, आत गेले आणि अक्काला धरून बाहेर आणलं. उंबरा, ओटा, दोन पायऱ्या, रिक्षा. अक्का त्या दिवशी पुन्हा व्यायामाला गेली, आणि पुढे रोज जात राहिली. पाय पुरता आला नाही, पण काठी टेकत चुलीपर्यंत जाण्याइतका आला. एका महिनाअखेरीला डाव्या हातानं वांगी ठेचून तिनं मला भरीतही खाऊ घातलं. मीठ जास्त झालं होतं. मी दोनदा मागून घेतलं.

साडूभाऊंची मात्र त्यानंतर विलक्षण अवस्था झाली. क्लासला सुट्ट्या लागल्या की दगडावरची फुलं कमी व्हायची, आणि फुलं कमी झाली की एखादी मोटरसायकल भीत भीत जवळ सरकायची. मग साडूभाऊ सकाळी इकडेतिकडे बघून अंगणातलं जास्वंदीचं फूल तोडून हळूच दगडावर ठेवायचे. एकदा मी त्यांना रंगेहाथ पकडलं. "काय साडूभाऊ, देवपूजा?" ते ताठ उभे राहिले. "देखभाल," ते म्हणाले. "रस्त्यावरच्या सूचना ठळक ठेवणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे." दर दिवाळीला दगडाला नवा हात मारायचे, आणि रंग मुद्दाम शेंदरीच आणायचे.

त्या जागेबाबत त्यांनी सख्ख्यांनाही सूट दिली नाही. मी धुळ्याहून बाजरीचं पोतं घेऊन गेलो होतो. म्हटलं, दोन मिनिटं दारात थांबतो, पोतं उतरवतो. साडूभाऊ दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभे. "लाल आहे!" "अहो, दोनच मिनिटं." "दोन मिनिटं हिरव्यावर असतात, भाऊ. लालवर मिनिटं नसतात." शेवटी गिरणीपाशी गाडी लावून दोघांनी ते पोतं खांद्यावरून आणलं, निम्म्या वाटेवर ते, निम्म्या वाटेवर मी. बायको चिडली, "सख्ख्या बहिणीच्या दारात मला उतरता येत नाही!" अक्का खिडकीत बसून हसून हसून बेजार. गिरणीपासून घरापर्यंतची ती चाल मग आमच्या अंगवळणीच पडली.

मागच्या हिवाळ्यात अक्काला दुसरा झटका आला. त्यातून ती उठली नाही.

आम्ही धुळ्याहून पोचलो तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. क्लासची मुलं खाली येऊन भिंतीशी उभी होती. शववाहिनी आली. चालकानं दगड पाहिला, त्यावरची ताजी फुलं पाहिली आणि गाडी तशीच पुढे नेऊ लागला. देवापुढे ही गाडी कशी उभी करायची, असं त्याच्या मनात आलं असणार. गर्दीतलेही एक-दोघं म्हणाले, "पुढे घ्या, पुढे." साडूभाऊ उठले, ओट्यावरून उतरले आणि गाडीपुढे जाऊन उभे राहिले. "इथंच थांबा," ते म्हणाले. "तो देव नाही. ती हिची जागा आहे." गाडी मागे आली आणि फाटकापाशी उभी राहिली. उंबरा, ओटा, दोन पायऱ्या. युसुफभाई रिकामी रिक्षा घेऊन मागे मागे स्मशानापर्यंत आले. मी त्या दिवशी रडलो तो रस्त्याच्या कडेला उभा राहून, लहान पोरासारखा.

परवा पुन्हा जळगावला गेलो. महिन्याची शेवटची तारीख होती. सवय जात नाही. सुट्ट्या असाव्यात, कारण समोरचा क्लास बंद होता. दगडाचा रंग उन्हानं उडाला होता, दिवाळीचा हात मारला गेला नव्हता, आणि त्यावर एकच वाळलेलं फूल होतं. साडूभाऊ ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली. मी नेहमीप्रमाणे आधी दगड बघायला गाडी दारापर्यंत आणून हळू केली, गिरणीकडे परत न्यायची म्हणून मागे बघू लागलो, तर ते उठून फाटकात आले. हात पसरले नाहीत. हातानं त्यांनी ती मोकळी जागा दाखवली आणि जन्मभर छापील मराठी बोललेला तो माणूस मला अक्काच्या बोलीत म्हणाला, "लावा ना भाऊ आठेच. आते कोनले उतरनं शे?"

मला काचेतून त्यांच्याकडे बघवेना. मी गाडी मागे घेतली, गिरणीपाशी लावली, पिशवी घेतली आणि उन्हातून चालत आलो. साडूभाऊ फाटकातच उभे होते.

"तिकडे का लावली?" त्यांनी विचारलं.

"लाल आहे ना, साडूभाऊ," मी म्हटलं.

त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली, आत डोकावून पाहिलं. वांगी होती. मग ते वळून जास्वंदीजवळ गेले, एक फूल तोडलं, आणि इकडेतिकडे न बघता बाहेर जाऊन दगडावर ठेवून आले.